चपला काढा, तळवा बघू द्या

(परभणी येथे झालेल्या युवक-युवतींच्या आरोग्य शिबिरात एका फॅमिली डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला आज त्वचेच्या कर्करोगावर बोलायला सांगितलं आहे. सुरुवातीलाच सांगते, मी त्वचारोगतज्ज्ञ नाही आणि कर्करोगतज्ज्ञही नाही. सर्दी-ताप, बीपी, शुगर, मुलांचे जुलाब, बायकांचे अंगदुखीचे आजार, हेच मी वर्षानुवर्षं बघत आले. तुमच्या घराजवळच्या गल्लीत असतो ना, बाकड्यावर दहा-बारा माणसं बसलेला दवाखाना? तसाच माझा आहे. मग या विषयावर मी का बोलतेय? कारण हा आजार मी एकदा ओळखला नाही. तेव्हापासून तो ओळखायला शिकतेय. आता माझ्यासारख्या इतर डॉक्टरांनीही शिकावं म्हणून धडपडतेय.

ती गोष्ट आधी सांगते.

माझ्याकडे एक खाला यायच्या. परभणी तालुक्यातल्याच एका खेड्यातल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला. दर महिन्याला शुगरच्या गोळ्या न्यायला यायच्या. एकदा लंगडत आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरबाई, टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, तिथं काळं पडलंय." मी बघितलं. टाचेखाली काळसर डाग, मध्ये थोडा जाडसर भाग. मला वाटलं, कुरूप असेल. कुरूपाची पट्टी लावायला दिली. पुढच्या महिन्यात तिथं चीर पडून रक्त यायला लागलं. मी म्हटलं, शुगरमुळे भरत नसेल. ड्रेसिंग केलं, अँटिबायोटिक दिलं. पुढच्या महिन्यात दुसरं अँटिबायोटिक. असे सात महिने गेले. सातव्या महिन्यात खालांच्या जांघेत अवधाण आलं, लिंबाएवढी गाठ. तेव्हा कुठे मी घाबरले आणि त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. टाचेचा तुकडा तपासला, तो मेलॅनोमा निघाला. त्वचेच्या कर्करोगातला सगळ्यात घातक प्रकार. दीड वर्षात खाला गेल्या.

त्यांचा मुलगा नंतर एकदा भेटला. भांडला नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही तर दर महिन्याला बघत होता ना?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बघत होते, पण काय बघतेय ते मला कळत नव्हतं. एमबीबीएसला त्वचारोगाचा भाग थोडा आणि त्यात मेलॅनोमाचं एखादंच पान. त्या पानावरचा फोटो एका गोऱ्या माणसाच्या पाठीचा होता. गुलाबी पाठीवर एक वेडावाकडा काळा तीळ. माझ्या डोक्यात मेलॅनोमाची तीच प्रतिमा होती. सावळ्या बाईच्या भेगाळलेल्या टाचेखाली तो असू शकतो हे मला कुणी दाखवलंच नव्हतं.

आपल्या विषयाचं मूळ इथं आहे. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य जास्त असतं आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांपासून बरंच संरक्षण देतं. परभणीचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. तरी ऑस्ट्रेलिया, युरोप, अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या तुलनेत भारतात त्वचेचा कर्करोग खूपच कमी आढळतो. ही चांगली गोष्ट आहे, आणि अडचणही हीच आहे. आजार कमी दिसतो म्हणून डॉक्टर त्याचा विचार करत नाहीत. विचार करत नाहीत म्हणून उशीर होतो. दुसरी गोष्ट अशी, की आपल्यात हा कर्करोग बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो. मेलॅनोमा असेल तर तळपाय, तळहात, नखाखाली. दुसरा प्रकार, स्क्वॅमस सेल कर्करोग, तो जुन्या जखमेत, भाजल्याच्या वणात, सतत घासल्या जाणाऱ्या जागेत.

मेलॅनोमा ओळखायची जी प्रसिद्ध खूण सगळीकडे शिकवतात, म्हणजे तिळाच्या दोन बाजू सारख्या नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, रंग एकसारखा नसणं, आकार सहा मिलिमीटरहून मोठा असणं, ती १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मांडली. तीळ बदलत जातो का, हा मुद्दा २००४ मध्ये त्यात जोडला गेला. ही खूण उपयोगी आहे, पण ती मुख्यतः गोऱ्या कातडीवर पाहून तयार झाली. तळपायावर ती नेहमी लागू पडत नाही. तिथं मेलॅनोमा कुरुपासारखा, चामखिळीसारखा, चिघळलेल्या जखमेसारखा दिसू शकतो. कधी त्याला काळा रंगही नसतो.

तुमच्यातल्या गाणी ऐकणाऱ्यांना बॉब मार्ले माहीत असेल. जमैकाचा गायक. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा निघाला. आधी वाटलं होतं, फुटबॉल खेळताना लागलं असेल. १९८१ मध्ये तो गेला, वय अवघं छत्तीस. त्याच्याकडे पैसा होता, जगभरचे डॉक्टर होते. त्याच्यासाठी फुटबॉलचा मार, माझ्या खालांसाठी बाभळीचा काटा. पायाला झालेल्या गोष्टीला आपण लगेच एक कारण शोधतो आणि त्या कारणावर समाधान मानतो.

आता कंबरेकडे येऊ. मुली थोड्या लाजतील, पण ऐका.

२०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून दोन बायकांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. एक बाई सत्तरीची. नऊवारीखाली परकर घट्ट बांधायची सवय. कंबरेच्या बाजूला दीड वर्षापासून न भरणारी जखम. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली. चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं कंबरेला आवळून नेसलेली. तिची जखम दोन वर्षांची. दोघींच्या जखमेचा तुकडा तपासला तेव्हा स्क्वॅमस सेल कर्करोग निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

कंबरेला रोज तीच नाडी, तोच घाम, तीच धूळ. कातडी घासते, काळी पडते, सोलते, जखम होते. जखम भरायच्या आत पुन्हा नाडी आवळली जाते. हे वर्षानुवर्षं चाललं तर क्वचित एखादीच्या बाबतीत ती जखम कर्करोगात बदलते. क्वचितच, घाबरू नका. पण नाडी परकराची असो, सलवारीची असो की पायजम्याची, कंबरेवर काळा पट्टा पडला असेल तर ती सैल करा, रुंद पट्टी वापरा, बांधायची जागा वर-खाली बदला. आणि जखम झाली असेल तर दाखवा.

ही माहिती आपल्याकडे नवीन नाही. १८६६ मध्ये काश्मीरमधल्या एल्मस्ली नावाच्या डॉक्टरांनी कांगडीच्या कर्करोगाबद्दल लिहिलं. थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरायची, त्यानं पोटाची आणि मांड्यांची कातडी वर्षानुवर्षं भाजत राहायची आणि तिथंच कर्करोग व्हायचा. १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी धोतराच्या घट्ट गाठीमुळे कंबरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. पुढे साडीमुळे होणाऱ्या अशाच कर्करोगाच्याही नोंदी आल्या. या सगळ्या डॉक्टरांनी काय केलं? रुग्णाला अंगावरचं कापड बाजूला करायला सांगितलं, नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्ही काय नेसता, कुठं बांधता, किती वर्षं?" त्यासाठी कुठलंही यंत्र लागलं नाही. हे प्रश्न विचारायची सवय गल्लीतल्या डॉक्टरला लावणं, यालाच मी प्रशिक्षण म्हणते.

आम्ही काही डॉक्टरांनी मिळून मोहल्ल्यातल्या दवाखान्यांसाठी एक दिवसाचा वर्ग घेतला. एमबीबीएस होते, बीयूएमएस होते, बीएएमएस, बीएचएमएस होते. आपल्या वस्त्यांमध्ये माणूस पहिल्यांदा यांच्याकडेच जातो. "त्यांना काय कळतं" म्हणून त्यांना बाजूला ठेवलं तर आपण रुग्णालाच बाजूला ठेवतो. एक त्वचारोगतज्ज्ञ मित्र आले, त्यांनी फक्त सावळ्या कातडीचे फोटो दाखवले. त्या दिवशी आम्ही जे ठरवलं ते तुम्हालाही सांगते, कारण तुम्हीच उद्या आई-आजीला घेऊन दवाखान्यात जाणार आहात. डॉक्टर हे करतो का, ते तुम्ही बघायचं आहे.

पहिलं, पायाची तक्रार असेल तर दोन्ही चपला-मोजे काढायचे. तळवा, बोटांच्या फटी आणि नखं उजेडात बघायची. शुगरच्या प्रत्येक रुग्णाचे पाय तर असेही बघायलाच हवेत.

दुसरं, तारीख लिहायची. जखम किंवा डाग पहिल्यांदा कधी दाखवला, ते केसपेपरवर लिहायचं. मी खालांच्या वेळी हे केलं असतं तर तिसऱ्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं असतं. महिनाभर नीट उपचार करूनही जखम भरत नसेल तर तिसरं अँटिबायोटिक लिहायचं नाही, पुढे पाठवायचं. पायाच्या जखमेला दोन महिने म्हणजे शेवटची मर्यादा.

तिसरं, पायावरच्या डागाला पाच प्रश्न. रंग कातडीहून वेगळा आहे का? नेमकं काय आहे हे मला खात्रीनं सांगता येत नाही का? रक्त येतं का? वाढतोय किंवा बदलतोय का? भरायला वेळ लागतोय का? यातल्या दोन प्रश्नांचं उत्तर 'हो' आलं तर तज्ज्ञाकडे. मला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "मला खात्री नाही" हे डॉक्टरनं स्वतःशी कबूल करणं ही सुद्धा एक तपासणीच आहे.

चौथं, भाजल्याचा जुना वण. स्टोव्हचा भडका, उकळतं पाणी, भट्टी. लहानपणी भाजलेल्या जागी तीस-तीस वर्षांनी कर्करोग झाल्याची उदाहरणं वैद्यकात आहेत. वण शांत असेल तर काही नाही. पण त्यात नवीन जखम झाली, कडा उचलल्या, फुलकोबीसारखं मांस वाढलं, वास यायला लागला, तर तुकडा तपासायचा. तोही जखमेच्या मध्यातून नाही, कडेचा घ्यायचा.

पाचवं, चेहरा. शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या नाकाजवळ, डोळ्याजवळ चकचकीत काळसर पुटकुळी, वर खपली येते, पडते, रक्त येतं, पुन्हा खपली. लोक तीळ समजतात. हा बहुधा बेसल सेल कर्करोग असतो. तो शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी कुरतडत जातो. वेळेवर काढला तर माणूस पूर्ण बरा होतो. उशीर केला तर नाक किंवा डोळा गमावण्याची वेळ येते.

सहावं, आणि यावर आमच्यात वादही झाला. काढलेला तुकडा फेकायचा नाही. दवाखान्यात छोटी गाठ, चामखीळ, मस काढतात आणि कचऱ्यात टाकतात. संशय असेल तर तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजिस्टकडे गेला पाहिजे. एक डॉक्टर म्हणाले, "मॅडम, पेशंट तपासणीचे पैसे देत नाही." खरं आहे. पण म्हणून संशयित तीळ आपणच जाळून टाकला तर पुरावाच जातो. त्यापेक्षा हात न लावता सरकारी दवाखान्यात पाठवावं. बाजारात चुना-सोडा लावून मस काढून देणारे असतात. मेडिकलवरून विचारून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब लावणारे तर घरोघरी आहेत. त्यानं डाग काही दिवस फिका दिसतो, आतलं काम चालूच राहतं.

एक दिवसाच्या वर्गानं काय होणार, असं तुम्ही विचाराल. २००६ मध्ये स्पेनमधल्या बार्सिलोना आणि इटलीतल्या नेपल्सच्या ७३ फॅमिली डॉक्टरांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना एकच दिवस शिकवलं होतं. नंतर अर्ध्यांनी नुसत्या डोळ्यांनी डाग तपासले, अर्ध्यांनी डर्मोस्कोप नावाच्या दिवा लावलेल्या भिंगानं. नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्यांनी संशय घ्यावा अशा डागांपैकी सुमारे ५४ टक्के पकडले, भिंगवाल्यांनी ७९ टक्के. म्हणजे शिकवणी हवी आणि भिंगही हवं. हे भिंग दोन-तीन दवाखान्यांत मिळून एक घेता येतं.

आणि आपल्या मराठवाड्याचं उदाहरण तर माझ्या मते त्याहून मोठं आहे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंद करणारे कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, लोकांना लक्षणं समजावून सांगायचे, संशय असेल त्यांना दवाखान्यात यायला सांगायचे. काही वर्षांत तिथल्या बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात पोचू लागल्या. पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष जगभर गाजला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. आजार वेगळा होता, पण त्यातून एक गोष्ट कळते. खेड्यातल्या बायका तपासून घेत नाहीत, लाजतात, हे पूर्ण खरं नाही. बाईमाणसानं घरी येऊन, आदरानं, नीट समजावून विचारलं तर त्या येतात.

लाजेचा विषय निघालाच आहे तर बोलते. आपल्या घरात हया आहे, पर्दा आहे, त्यावर मी इथं वाद घालत नाही. पण माझ्यासमोर बसलेली बाई बुरखा न काढता, पाय पुढे न करता, "बस, गोळी द्या" म्हणते आणि मीही गोळी देते, यात दोघींचीही चूक आहे. कितीतरी बायकांचं पूर्ण अंग कुणी पहिल्यांदा नीट बघतं ते थेट गुस्लच्या वेळी. मय्यतला आंघोळ घालणाऱ्या बायकांनी मला सांगितलंय, "बाजी, कंबरेला एवढी जखम होती, कुणाला बोलली नाही." हे ऐकलं की झोप लागत नाही. बाईची कंबर, छाती, मांडी बघायला बाई डॉक्टर किंवा नर्स हवी, ही मागणी अवाजवी नाही. ती आपण ठामपणे करू. पण बाई डॉक्टर नाही म्हणून जखम घरात लपवून ठेवणं हे मात्र चालणार नाही.

पाय बघायला तर डॉक्टरचीही गरज नाही. नमाज पढणारा माणूस दिवसातून पाच वेळा वुजू करतो. पाय धुतो, बोटांच्या फटीत बोट फिरवतो. मी म्हणते, दर जुम्याला वुजू करताना तळवा वर करून एकदा बघा. स्वतःचा बघा, आजोबांना वाकता येत नसेल तर त्यांचा तुम्ही बघा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सजद्यानं कपाळावर पडलेला घट्टा, बसण्यामुळे घोट्यावर पडलेला घट्टा, हे कर्करोग नाहीत. वर्षानुवर्षं तसेच असतात. त्यांना फुटणं, रक्त येणं, एकदम वाढणं सुरू झालं तर दाखवा, नाहीतर निश्चिंत राहा. नखांचंही तसंच. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर काळ्या उभ्या रेषा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी असतात. एकाच नखावर नवीन रेष आली, रुंद होत गेली, काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला, तर लगेच.

आता दोन गटांबद्दल सांगते, ज्यांची आपण सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवी.

एक, कुष्ठरोगातून बरे झालेले लोक. मराठवाड्यात असे बरेच म्हातारे आहेत. औषधानं जंतू गेले, पण पायाची संवेदना परत आली नाही. तळव्याला जखम होते, दुखत नाही म्हणून राहते. दहा-दहा, वीस-वीस वर्षं. अशा जखमेत कर्करोग होऊ शकतो. आशाताई कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत घरोघरी जाऊन चट्टे बघतातच. बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोगाचा संशय, हे आज खेड्यातल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. एका आजाराची खूण सगळ्या देशाला शिकवता आली, तर त्याच घरभेटीत "तळवा दाखवा, जुना वण दाखवा" एवढं एक वाक्य जोडणं अवघड नाही.

दुसरी, उन्हाचं संरक्षण नसलेली मुलं. जन्मतः रंगद्रव्य नसलेली, केस-कातडी पांढरी असलेली मुलं आपण पाहतो. आणखी एक फार दुर्मिळ आजार आहे, झिरोडर्मा पिग्मेंटोसम. त्यात उन्हानं पेशीतल्या डीएनएला झालेली इजा शरीर दुरुस्त करू शकत नाही. मूल दोन वर्षांचं व्हायच्या आतच चेहऱ्यावर काळे ठिपके, उजेडाकडे बघवत नाही आणि दहा वर्षांच्या आसपास कर्करोग सुरू होतो. हे दोष आई आणि वडील दोघांकडून आले तरच आजार होतो, म्हणून नात्यातल्या नात्यात लग्न झालेल्या घरात त्याची शक्यता वाढते. चुलत-मावस भावंडांची लग्नं आपल्यात होतात, मामाच्या मुलीशी लग्न शेजारच्या हिंदू घरांतही होतं. कुणाला दोष देण्यासाठी हे बोलत नाही. लग्न ठरवताना "या खानदानात असा आजार कुणाला होता का?" हा प्रश्न विचारायचं धाडस तुमच्या पिढीनं करावं, एवढंच म्हणते. अशा मुलांना ऊन टाळणं, पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, गॉगल आणि नियमित तपासणी हवी. शाळेत त्यांना पहिल्या तासाच्या परिपाठाला उन्हात उभं करू नये, हे मास्तरांना तुम्ही सांगा.

शेवटी प्रश्न येतो, ओळखलं तर पाठवायचं कुठे आणि खर्चाचं काय? परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तज्ज्ञाचा सल्ला ई-संजीवनीवर मोबाइलवरूनही घेता येतो. नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मोठ्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. कागदपत्रं आधी तयार ठेवली तर निम्मी धावपळ वाचते. डॉक्टरनं नुसतं "मोठ्या दवाखान्यात जा" म्हणून सोडू नये. चिठ्ठीवर संशय स्पष्ट लिहावा आणि पंधरा दिवसांनी फोन करून विचारावं, "गेला होता का?" हा फोन करायचं काम तुमच्यातलं कुणीही दवाखान्यात बसून करू शकतं. आमच्याकडे दोन मुली हे करतात.

तुम्ही काय करायचं, ते मी तीन कामांत सांगते. घरातल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाचे पाय आणि जुने वण या महिन्यात एकदा बघा. संशय वाटला तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून उजेडात फोटो काढा, तारखेसह जपून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, तो दुसऱ्याच्या शरीराचा आहे. तिसरं काम, तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरला अशा वर्गाला पाठवा. डॉक्टर रुग्णांचं ऐकतात, विश्वास ठेवा. दहा घरांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, तुम्ही तो वर्ग केला का?" तर अकराव्या दिवशी ते येतील.

एक चांगली गोष्ट सांगून थांबते. मागे एक पावाच्या भट्टीवर काम करणारे चाचा खोकल्यासाठी आले होते. पायजम्याच्या टोकाला ओलं दिसलं. मी म्हटलं, चाचा, जरा वर करा. लहानपणी भाजलेल्या पोटरीवर बोटभर जखम, कडा उचललेल्या. म्हणाले, "ते जुनंच आहे, तुम्ही खोकल्याचं बघा." मी खोकल्याचंही बघितलं आणि त्यांना चिठ्ठीही दिली. कर्करोगच होता, पण पसरला नव्हता. तेवढा भाग काढला, मांडीची कातडी लावली. आज ते भट्टीवर आहेत. रमजानमध्ये माझ्या दारात पाव ठेवून जातात आणि पैसे घेत नाहीत.

ते पाव हातात घेतले की मला खालांची टाच आठवते. तेव्हा मला हे कुणी शिकवलं असतं तर! त्या मुलाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आता दवाखान्यात कुणीही लंगडत आलं की मी पहिल्यांदा म्हणते, चपला काढा, तळवा बघू द्या.